सोयाबीन तेल खायचं की रंगाच्या डब्यात घालायचं?

चौकस_चिमणी

मंडळी, आमच्या नातेवाइकांच्या समूहावर काल एक ढकलपत्र आलं. सारांश असा: सोयाबीन तेल हे मुळी खाण्याचं तेलच नव्हे. ते रंग, छपाईची शाई, प्लास्टिक, गाडीच्या सीटचा फोम, ट्रान्सफॉर्मर असल्या ठिकाणी वापरायचं. तिथून उरलं ते माणसांच्या गळ्यात मारलं. खाली हात जोडलेली चार चित्रं आणि 'डोळे उघडा, पुढे पाठवा'.

मी सवयीने खोडून काढायला बसले आणि पंचाईत झाली. यादी खरी निघाली! रंगात जातं, शाईत जातं, फोमही होतो. यादी खोटी असती तर 'अफवा आहे हो काका' एवढं लिहून मोकळी झाले असते. आता यादी खरी, पण निष्कर्ष काही पटत नाही.

तर विचारायचं हे, की जे तेल कढईत चालतं ते रंगाच्या डब्यात कसं चालतं? दोन्हीकडे जातं ते एकच की वेगवेगळं? आणि आणखी कुठे कुठे जातं? इथे नाना धंद्यांतली माणसं आहेत, त्यांनी आपापल्या कामातलं सांगितलं तर आवडेल. कोणतं तेल खावं हा वाद होणार हे ठाऊक आहे, पण निदान पहिले दहा प्रतिसाद विषयावर राहू देत.

निवांत_बसलेला

दहा? फारच आशावादी बुवा तुम्ही. मी पहिल्या रांगेत खुर्ची टाकली आहे.

घाण्याचा_बैल

ढकलपत्रात चूक काय आहे? सोयाबीन घाण्यात घातलं तर धड तेल निघत नाही. म्हणून पेट्रोलियममधून काढलेलं हेक्सेन ओततात, मग कॉस्टिक सोडा, मग माती, मग अडीचशे अंशांना वाफ. एवढे संस्कार केल्यावर जे खाण्याजोगं होतं ते मुळात खाण्याजोगं नव्हतंच. इत्यलम्.

गाळणी

बैलोबा, संस्कारांची यादी अचूक सांगितलीत. माझी सगळी नोकरी तेलशुद्धीकरणात गेली, तेव्हा जरा विस्ताराने लिहितो.

सोयाबीनमध्ये तेल असतं वजनाच्या १८ ते २० टक्के आणि प्रथिनं ३५ ते ४० टक्के. १०० किलो दाण्यामागे तेल १८-१९ किलो आणि पेंड ८० किलोच्या आसपास. म्हणजे खरं तर ही पेंडीची गिरणी आहे, तेल सोबत येतं. नुसतं दाबून काढलं तर पेंडीत ६-७ टक्के तेल अडकून राहतं. शेंगदाण्यात निम्मं तेल असतं, तिथे हे खपून जातं. इथे मुळात वीसच टक्के, त्यातला तिसरा हिस्सा सोडून द्यायचा? म्हणून हेक्सेन, ते तेल विरघळवून घेतं. त्याने पेंडीत एक टक्क्याहूनही कमी तेल उरतं.

त्यासाठी दाणा फोडायचा, ऊब द्यायची आणि रोलरमधून त्याचे पापुद्रे काढायचे. पापुद्रा साधारण ०.३ मिलिमीटरचा. पाळीवरचा जुना माणूस तो उजेडाकडे धरून बघतो, मग चिमटीत चुरतो. जाड असला तर हेक्सेन आत शिरत नाही, भुगा झाला तर थरातून झिरपतच नाही. यंत्रं कितीही आली तरी ही चिमूट अजून आहे.

मग जे कच्चं तेल येतं त्यात थोडं पाणी घालून गोंद काढतात. तो वाळवला की लेसिथिन, ज्याच्यावाचून चॉकलेटवाल्याचं पान हलत नाही. पुढे कॉस्टिकने मुक्त आम्लं काढली की खाली साबणगाळ बसतो, तो साबणवाले आणि आम्लवाले उचलतात. मग सक्रिय माती घालून रंग फिकट करायचा. शेवटी निर्वात टाकीत २३० ते २६० अंशांना वाफ सोडून वास काढायचा. त्या वाफेबरोबर जे उडून येतं ते थंड केलं की त्यात ई जीवनसत्त्व आणि स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्या कुळातले वनस्पतींतले पदार्थ) सापडतात, त्याचे वेगळे पैसे. गिरणीचा मालक गाळावर जितका जीव टाकतो तितका तेलावरही टाकत नाही.

आता चिमणीताईंचा प्रश्न. तेल एकच, फाटा शेवटच्या पायरीआधी फुटतो. रंगवाल्याला गोंद आणि आम्लं काढलेलं, फिकट केलेलं तेल लागतं. वास काढायचे पैसे तो कशाला मोजेल? खाण्याचं तेल त्याच्यापुढे आणखी एक पायरी जातं. तेव्हा 'कारखान्यातलं उरलेलं खायला' ही गोष्ट नेमकी उलटी आहे.

खरं_सांगू_का

पाणी रेडिएटरमध्येही घालतात. आजपासून पाणी बंद.

निवांत_बसलेला

+१. अंघोळीला तरी चालेल ना?

रंगारी

चिमणीताई, 'एकच तेल दोन्हीकडे कसं' याचं उत्तर माझ्या टेबलावर आहे, कारण मी आयुष्यभर तेल वाळवायचंच काम केलं.

तेलाच्या रेणूत लांब साखळ्या असतात आणि त्या साखळ्यांत काही ठिकाणी दुहेरी बंध. सोयाबीन तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेइक आम्ल, त्यात दोन दुहेरी बंध. सात टक्क्यांच्या आसपास लिनोलेनिक, त्यात तीन. पाव हिस्सा ओलेइक, त्यात एक. उरलेले पंधरा टक्के संपृक्त, तिथे दुहेरी बंधच नाही. या बंधांच्या शेजारी हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो, मग शेजारशेजारचे रेणू एकमेकांना गाठी मारत सुटतात आणि पातळ तेलाचा चिवट पापुद्रा होतो. तेलाचा रंग 'वाळतो' म्हणजे हेच, त्यात काही उडून जात नाही. उलट सुरुवातीला ऑक्सिजन घेऊन वजन वाढतं.

असे बंध किती आहेत ते आयोडीन मूल्यावरून कळतं. खोबरेल ६ ते ११, सोयाबीन १२० ते १४०, जवस १७० च्या वर. जवस आपल्याआप कडक वाळतं. खोबरेल जन्मात वाळणार नाही. सोयाबीन मधलं, अर्धवट वाळणारं. म्हणून आम्ही ते नुसतं लावत नाही. ग्लिसरीन किंवा पेंटाएरिथ्रिटॉल आणि थॅलिक ॲनहायड्राइडबरोबर शिजवून त्याचं अल्किड रेझिन, म्हणजे रंगाचा पाया असलेली राळ, करतो, मग सुकवणी म्हणून कोबाल्टचा क्षार चिमूटभर घालतो. एवढा खटाटोप का? कारण लिनोलेनिक जास्त असल्यामुळे जवसाचा पांढरा रंग लवकर पिवळा पडतो, सोयाचा बराच काळ टिकतो. दारंखिडक्यांना जे चकचकीत पांढरं एनॅमल लागतं त्यात बहुतेक वेळा सोया अल्किड असतं. हेन्री फोर्डने १९३० च्या दशकात गाड्यांच्या एनॅमलमध्ये हे तेल घातलंच होतं.

आता स्वयंपाकघरात चला. तेलाच्या बाटलीच्या आट्यांत, कढईच्या बाहेरच्या कडेला जो तपकिरी चिकट थर बसतो, नखाने खरवडला तर नखातच अडकतो, तो माझाच माल आहे. रंगद्रव्य न घातलेला रंग! जो गुण मला हवा तोच स्वयंपाक्याला नको, भांडण एवढंच.

कढईतली_वाफ

रंगारीदादा, त्या थराचं नाव काढलंत म्हणून आले, नाहीतर नुसती वाचत होते. मी मोठ्या भटारखान्यात तळणीवर आहे. आम्ही सोयाबीन वापरतो कारण चव मध्ये येत नाही आणि शुद्ध केलेलं असल्यावर ते २३० अंशांच्या आसपास गेल्यावरच धूर सोडतं. तळण १७०-१८० लाच होतं, म्हणजे जागा भरपूर.

पण हे तेल रागीट आहे. तीन-चार दिवस ओढलं की फेस येतो, आणि तो ताज्या तेलासारखा पटकन फुटत नाही. बारीक बुडबुड्यांचा, साबणासारखा, वर चढत जातो. तो दिसला की मी तेल उतरवते, मग वरिष्ठ काहीही म्हणोत. बऱ्याच देशांत 'ध्रुवीय घटक (तेल बिघडताना तयार होतात ते) २५ टक्क्यांच्या आसपास गेले की तेल फेका' असा नियम आहे, त्याच्या पट्ट्या मिळतात. माझा मात्र फेसावर जास्त भरवसा.

आणि बंद डबा उन्हाजवळ राहिला तर एक वास येतो, काहीसा माशासारखा, काहीसा ओल्या रंगासारखा. तो पण तुमचाच का?

रंगारी

माझाच. ती तीन बंधांची लिनोलेनिकची करामत. सात टक्के असून सगळ्या घराला भारी.

घाण्याचा_बैल

म्हणजे तुमच्याच तोंडून आलं. हवेत पापुद्रा धरतं, कढईवर पापुद्रा धरतं. मग धमन्यांत काय धरत असेल याचा विचार ज्याने त्याने करावा.

भूलभुलैया

ज्याने त्याने कशाला, आम्ही केलाय. भूलतज्ज्ञ आहे.

शस्त्रक्रियेआधी तुम्हाला झोपवायला जे दुधासारखं पांढरं इंजेक्शन देतात ते प्रोपोफोल. औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते तेलात विरघळवून त्याचं पायस, म्हणजे पाण्यात तेलाच्या बारीक थेंबांचं मिश्रण, केलेलं असतं. मूळ मिश्रणात १० टक्के सोयाबीन तेल, १.२ टक्के अंड्यातलं लेसिथिन आणि २.२५ टक्के ग्लिसरॉल. पांढरा रंग औषधाचा नाही, त्या तेलाच्या सूक्ष्म थेंबांचा. आधी दुसऱ्या एका विद्रावकात बनवलं होतं, पण काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी यायला लागली, मग सोया तेलावर आले.

त्याच्याही आधीची गोष्ट. ज्यांना तोंडाने अन्न घेता येत नाही त्यांना शिरेतून चरबी कशी द्यायची हा मोठा प्रश्न होता. बऱ्याच तेलांचे प्रयोग बिनसले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या फॉस्फोलिपिडचं पायस करून दाखवलं, ते मानवलं. आजही अतिदक्षता विभागात ती पांढरी पिशवी टांगलेली दिसते. शिवाय बधिर करण्याचं औषध चुकून रक्तात जास्त गेलं आणि हृदय अडखळलं, तर तेच पायस उतारा म्हणून शिरेतून झपाट्याने देतात.

धमनीत पापुद्रा धरला असता तर आमच्या टेबलावरून एकही माणूस उठला नसता.

आडवातिडवा

शिरेत तर ग्लुकोजही देतात. म्हणून साखर खात सुटायचं का? तुमचा युक्तिवादही त्या ढकलपत्राच्याच जातीचा झाला, फक्त उलट्या दिशेचा. तिकडे 'रंगात जातं म्हणून वाईट', इकडे 'सलाइनमध्ये जातं म्हणून चांगलं'.

भूलभुलैया

मान्य. चांगलं असं म्हटलं नाही, पापुद्रा धरत नाही एवढंच म्हटलं. नुसत्या सोया तेलाचं पायस दीर्घकाळ दिलं तर तान्ह्या मुलांच्या यकृताला त्रास होतो असं दिसलंय, म्हणून आता त्यात माशाचं आणि ऑलिव्हचं तेल मिसळलेली पायसं आली आहेत. पदार्थ कशासाठी, किती आणि कुणाला, हे विचारल्याशिवाय आमच्या धंद्यात पानही हलत नाही.

निवांत_बसलेला

दहा प्रतिसाद केव्हाच झाले आणि गाडी अजून रुळावर! संपादक मंडळाने नोंद घ्यावी.

शाईवाला

शाईची बाजू मांडतो. १९७० च्या दशकात पेट्रोलियमचे भाव भडकले तेव्हा अमेरिकेतल्या वृत्तपत्रवाल्यांनी खनिज तेलाला पर्याय शोधायला घेतला. बरीच वनस्पती तेलं चाळून सोयाबीनवर थांबले, आणि १९८७ मध्ये आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स इथल्या 'द गॅझेट'ने सोया शाईत अंक छापून पाहिला.

फायदा दिसतो तो रंगीत शाईत. तेल फिकट असल्याने पिवळा पिवळाच राहतो, मळकट होत नाही. काळ्या शाईत तो फायदा उपयोगाचा नाही, तिथे खनिज तेल स्वस्त म्हणून बराच काळ टिकलं. कागदाची रद्दी पुन्हा वापरताना सोया शाई सुटते चांगली. तोटाही सांगतो, तो जाहिरातीत नसतो: वाळायला वेळ लागतो. वर्तमानपत्राचा कागद तेल शोषून घेतो, तिथे प्रश्न नाही. गुळगुळीत आर्ट पेपरवर घाईचं काम घेतलं की थप्पीतल्या वरच्या पानाच्या पाठीवर खालच्याची छाप उठते. एकदा एका लग्नाळू गिऱ्हाइकाच्या पत्रिकेत वधूचं नाव वराच्या कपाळावर उमटलं होतं. बिल अर्धंच मिळालं.

खरं_सांगू_का

उरलेलं अर्धं बहुधा लग्नानंतर नवऱ्याने आनंदाने दिलं असतं. भविष्यच छापलंत.

रोहित्र

ट्रान्सफॉर्मरबद्दल लिहितो, यादीत आहे म्हणून.

ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल दोन कामांसाठी असतं: वीज अडवणं आणि उष्णता बाहेर नेणं. पिढ्यान् पिढ्या खनिज तेल वापरलं. ते १६०-१७० अंशांच्या आसपास पेट घेऊन जळत राहू शकतं. सोयाबीनपासून केलेल्या द्रवाचा हा ज्वलनबिंदू ३०० अंशांच्या वर असतो. इमारतीच्या आत, रुग्णालयाजवळ, गर्दीत बसवायच्या ट्रान्सफॉर्मरला हा फरक म्हणजे जिवाची गोष्ट. गळलं तर मातीतले जंतू ते खाऊन टाकतात.

मला सगळ्यात आवडतो तो मुद्दा कागदाचा. गुंडाळीभोवती सेल्युलोजचा कागद असतो आणि ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य म्हणजे त्या कागदाचं आयुष्य. ओल त्याला खाते. वनस्पती तेल खनिज तेलापेक्षा कितीतरी जास्त ओल स्वतःकडे ओढून घेतं, कागद कोरडा राहतो, जास्त टिकतो. मात्र रंगारी म्हणतात तो पापुद्रा इथे आमचा शत्रू, म्हणून टाकी पूर्ण बंद ठेवतो आणि ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्यं घालतो. उघड्या श्वासाच्या, म्हणजे बाहेरची हवा आत येणाऱ्या, जुन्या टाकीत हे तेल ओतलं तर काही वर्षांत आत चिकट थर धरेल.

मठ्ठ_विद्यार्थी

गाळणीकाकांनी स्टेरॉलचा उल्लेख जाता जाता केला, पण खरी चित्तरकथा तिथेच आहे. पर्सी ज्युलियन हे कृष्णवर्णीय अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले, हे स्वतः डॉक्टरेट, पण रंगामुळे विद्यापीठांची दारं बंद. १९३६ मध्ये ग्लिडन या रंगाच्या कंपनीच्या शिकागोतल्या सोया विभागात लागले. १९४० मध्ये शुद्ध सोयाबीन तेलाच्या एका प्रचंड टाकीत, १ लाख गॅलनच्या, पाणी शिरलं आणि तळाशी पांढरा लगदा साचला. बाकीच्यांच्या दृष्टीने टाकी वाया गेली. ज्युलियननी तो पांढरा पदार्थ पाहिला आणि ओळखला, स्टिग्मास्टेरॉल, त्या स्टेरॉलांपैकीच एक! त्यावर ते आधीपासून काम करत होते. मग त्यापासून प्रोजेस्टेरॉन मोठ्या प्रमाणावर करायची पद्धत बसवली. तोवर हे संप्रेरक प्राण्यांच्या अवयवांतून थेंबाथेंबाने काढत. सोयाबीन तेलातून औषधी संप्रेरकं, आणि तीही रंगाच्या कंपनीत!

गाळणी

वा रे विद्यार्थी! आणि टाकीत पाणी शिरलं की आमच्याकडे अजूनही आधी आरडाओरडा होतो, स्टेरॉल कोणी बघत नाही.

लोण्याची_बहीण

खाण्याची बाजू फारच थोडक्यात आटोपली. बेकरी विभागात आहे, त्यामुळे या तेलाची सोंगं रोज बघते.

मेयोनीजमध्ये दोन तृतीयांशाहून जास्त तेल असतं. तिथे सोयाबीन का? कारण फ्रीजमध्ये गोठत नाही. गोठणाऱ्या तेलाचे स्फटिक झाले की पायस फुटतं आणि बरणीत वर तेल, खाली चोथा. सॅलड ड्रेसिंग, डब्यातली मासळी, तान्ह्या मुलांच्या दुधाची पावडर, सगळीकडे हेच. पावडरीत तर मुद्दाम, कारण लिनोलेइक आणि लिनोलेनिक ही दोन आम्लं शरीराला स्वतः करता येत नाहीत.

पण बिस्किटाला पातळ तेल चालत नाही, घट्ट चरबी लागते. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करायचं पेटंट घेतलं. रंगारीदादांचे दुहेरी बंध भरून टाकायचे, झालं. तेल टिकलंही आणि घट्टही झालं. पण अर्धवट भरले की उरलेल्या बंधांपैकी काही मूळचं वाकडं रूप सोडून सरळ होतात, तेच ट्रान्स फॅट. हृदयाला घातक. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये अंशतः हायड्रोजनीकृत तेलांचं 'सुरक्षित' हे बिरुद काढून घेतलं आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही ती जगभरातून हद्दपार करायची मोहीम काढली.

तेव्हा बैलोबा, सोयाबीन तेलावर राग धरायचाच तर त्या घट्ट अवताराचा धरा. आता त्याऐवजी पूर्ण घट्ट आणि पातळ तेल मिसळून त्यांच्या साखळ्या आपसात अदलाबदल करून घेतात. शिवाय ओलेइक पाऊण हिस्सा असलेल्या सोयाबीनच्या जाती आल्यात. त्यांचं तेल तळणीला जास्त टिकतं, पण रंगारीदादांच्या कामाचं नाही.

रंगारी

त्या जातीने आमच्या पोटावर पाय आणलाय, हे खरंय.

गाडीवान

बायोडिझेल कुणीच कसं काढलं नाही? १०० किलो तेल, दहा-अकरा किलो मिथेनॉल, थोडा अल्कली. खाली दहाएक किलो ग्लिसरीन बसतं, वर १०० किलोच्या आसपास इंधन. अमेरिकेत तर आता सोयाबीन तेलाचा फार मोठा वाटा गाड्यांच्या टाकीत जातो. शून्य अंशाच्या आसपास ते गढुळतं आणि फिल्टर तुंबतो, म्हणून थंडीत खनिज डिझेलात मिसळूनच चालवायचं. सीटच्या फोममध्येही जातं. फोर्डने २००८ च्या मस्टँगपासून सोयाचा फोम घातला. टायरमध्येही घालतात, रबर थंडीत लवचीक राहतं.

आडवातिडवा

हे मात्र मला खटकतं. रंगाला, शाईला लागतं ते मूठभर. इंधनाला लागतं ते अफाट. खाणाऱ्याच्या ताटातलं टाकीत गेलं की भाव कुणाचे वाढतात? आणि त्यासाठी नवी जमीन कुठली, तर जंगलाची. ॲमेझॉनच्या जंगलतोडीवरून २००६ मध्ये सोया व्यापाऱ्यांना बंधन घालून घ्यावं लागलं होतं.

गाडीवान

जंगल पेंडीसाठीही तुटतं, कोंबड्या आणि डुकरांना सोया पेंड लागते. गाळणी वर म्हणालेच, तेल सोबत येतं.

आडवातिडवा

सोबत येणाऱ्याला चांगला भाव मिळाला की लागवड त्याच्यासाठीही वाढते. वापरलेलं तळणीचं तेल डिझेलला द्या ना, कढईताईंकडे पिंपं भरून असेल. ताज्याला हात कशाला?

कढईतली_वाफ

आमचं नेतात. पूर्वी साबणवाले नेत, आता इंधनवाले जास्त भाव देतात. बाय द वे, तो चिकट थर काढायचा कसा ते कुणी सांगितलंच नाही!

रंगारी

ताजा असेल तर साबण आणि गरम पाणी. जुना असेल तर धुण्याचा सोडा गरम पाण्यात, रात्रभर. ॲल्युमिनियमच्या भांड्याला मात्र सोडा लावू नका, भांडंच खाईल.

चौकस_चिमणी

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! यादीतलं प्लास्टिक तेवढं राहिलं. त्याबद्दल कुणी?

रंगारी

दुहेरी बंधांवर ऑक्सिजन ठरवून बसवला की इपॉक्सी सोयाबीन तेल होतं. पीव्हीसी मऊ करायला आणि तापल्यावर त्यातून सुटणारं हायड्रोक्लोरिक आम्ल पकडायला ते घालतात. काचेच्या बरणीचं पत्र्याचं झाकण उलटं करून बघा, कडेला मऊ पांढरं कडं दिसेल, त्यात असतं. तेलकट पदार्थात ते थोडं उतरतं, म्हणून युरोपात किलोला ६० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, बाळांच्या अन्नाच्या बरण्यांच्या झाकणांना ३०. ढकलपत्रवाल्यांना भीती घालायचीच होती तर ही जागा जास्त बरी होती.

सुतारपक्षी

उशिरा आलो. रंगात चालतं म्हणता, तर घरातलंच सोयाबीन तेल लाकडी पाटाला, चॉपिंग बोर्डला फासलं तर चालेल? जवसाचं महाग पडतं.

रंगारी

अजिबात नको. आठवडे गेले तरी चिकटच राहील, धूळ धरेल आणि मग खवट वास मारेल. अर्धवट वाळणारं म्हटलं ते याच अर्थाने. आणि वाळवणी तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका, विशेषतः जवसाचे. आत उष्णता साठते आणि आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून किंवा पसरून वाळवून टाका.

चौकस_चिमणी

म्हणजे बाटलीतलं तेल जसंच्या तसं रंगाच्या कामाचंच नाही! समूहावर हेच लिहिते: यादी बरोबर आहे, पण रंगवाला तेल घेतो ते शेवटच्या शुद्धीच्या आधी, आणि त्याला शिजवून वेगळाच पदार्थ करावा लागतो. झाकणाचं लिहीत नाही, नाहीतर उद्या बरण्या फेकतील.

घाण्याचा_बैल

रंगाचं राहू द्या. हेक्सेनवर कुणी बोललं नाही. किती उरतं तेलात?

गाळणी

हेक्सेन ६९ अंशांच्या आसपास उकळतं. तेल २३० च्या वर निर्वातात वाफाळून निघतं. युरोपची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅम आहे. बाटलीतल्या तेलापुरतं मला त्याचं भय वाटत नाही.

पण हेक्सेनवर तुमचा राग आहे तो गिरणीच्या दारात आणा, तिथे मी तुमच्या बाजूला उभा राहीन. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटते. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरात एका सोया गिरणीतून हेक्सेन गटारात गेलं, पहाटे ठिणगी पडली आणि मैलोन्मैल गटारं फुटून रस्ते उखडले. आणि वर्षानुवर्षं त्याच्या वाफेत श्वास घेणाऱ्या कामगाराच्या हातापायांच्या नसा जातात. बोटं आधी बधिर होतात, मग पकड सुटते. इथेनॉल, आयसोप्रोपिल अल्कोहोल, दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड असे पर्याय आहेत, छोट्या गिरण्यांत वापरतातही. मोठ्या गिरणीत अडतं ते खर्चावर: हेक्सेन तेलातून उडवून परत मिळवायला उष्णता फार कमी लागते, अल्कोहोलला दुपटीहून जास्त.